पुणं सोडून परत कोल्हापूरला यायचं म्हणतोय: काम, घर, पगार, पाणी

सागवानी_पेटी
११ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायला बसलो.

मी मंगळवार पेठेत वाढलो. बाबा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावर धरतात तो नमुना करणारे; शेवटपर्यंत लाकडाचेच पॅटर्न केले. मी मेकॅनिकल करून पुण्याला आलो त्याला अकरा वर्षं झाली. भोसरीत टूल डिझाइनचं काम करतो. नवरा अकोल्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या कंपनीनं आता लेखी दिलंय की महिन्यातून दोन दिवस ऑफिसला यायचं, बाकी कुठूनही काम केलं तरी चालेल. मुलगी सहा वर्षांची. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, आई तिकडे एकटी आहे. पेठेतलं घर चुलत्यांत वाटून आमच्याकडे दीड खोली आली, त्यात आई राहते. आम्ही तिघं तिथं मावत नाही, म्हणजे भाड्यानंच बघावं लागणार.

इथं वाकडला दोन बेडरूमचं २९ हजार भाडं, मेंटेनन्स वेगळा. मला भोसरीला जाऊन-येऊन रोज अडीच तास लागतात. पाळणाघरातून मुलीला घेऊन घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात, मग जेवण आणि झोप. तिनं मला उजेडात बघायचं ते रविवारी.

घरभाडं तिकडे निम्म्यावर येईल हे मला माहीत आहे, त्यासाठी धागा काढलेला नाही. प्रश्न माझ्या कामाचा आहे. पुण्यात ज्याला त्याला सांगितलं की ऐकायला मिळतं, कोल्हापुरात आता कारखानदारी कुठं राहिली, शाहू मिल बंद पडली, उद्यमनगरात शेड पाडून दुकानगाळे झाले. खरंच तसं आहे का? माझ्यासारख्या माणसाला तिथं काम मिळेल का, आणि मिळालं तर कितीवर? नवऱ्याच्या पगारात आरामात राहायचं आणि मी घरी बसायचं, हे मला नको आहे.

जे परत आलेत त्यांनी आणि जे कधी बाहेर गेलेच नाहीत त्यांनीही लिहा.


संध्यामठ_रंकाळा
११ ऑक्टोबर, रात्री ११:०५

या. डोळे झाकून या. पोरगी शाळेतून चालत घरी येईल, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरेल, रात्री गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं दूध पिईल. आजी हाताशी आहे. एवढं पुण्यात कितीला मिळतं ते सांगा. आपलं कोल्हापूर जगात भारी!


परतलो_२०२१
१२ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

डोळे झाकून येऊ नका. मी तसा आलो होतो.

मे २०२१ मध्ये हिंजवडीची खोली सोडून आम्ही दोघं आलो. राजारामपुरीत बाराव्या गल्लीत दोन बेडरूमचं घर ११ हजारात मिळालं. पगार पुण्याचा, खर्च कोल्हापूरचा. पहिले चौदा महिने असे गेले की मी मित्रांना फोन करकरून बोलावत होतो. मग कंपनीनं नियम बदलला, आठवड्याला तीन दिवस हजेरी. मी नाही म्हणालो आणि नोकरी गेली. लेखी आमच्याकडेही होतं. पुढच्या कागदानं आधीचा कागद रद्द होतो, हे नवऱ्याला नीट सांगा.

मग इथं शोधायला लागलो. महिन्याला १ लाख १० हजार मिळत होते. इथं ज्या दोन ठिकाणी बोलणं झालं त्यातली चांगली ऑफर ३८ हजारांची होती. त्या दिवशी मला हिशेब कळला. कोल्हापूर स्वस्त आहे ते बाहेरचा पगार खाणाऱ्याला. इथंच कमावून इथंच खाणाऱ्या माणसाला घराचा हप्ता, शाळेची फी आणि दवाखाना काही स्वस्त पडत नाही. भाजी आणि भाडं सोडलं तर बाकी सगळ्याचे भाव पुण्यासारखेच आहेत. मोबाइल, गॅस सिलिंडर, लॅपटॉप, पेट्रोल, औषधं, यांना कोल्हापूर-पुणे कळत नाही.

पाच महिने घरी बसलो. सासऱ्यांच्या ओळखीनं शिरोलीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कॉम्प्युटर दुरुस्त करायला म्हणून गेलो. तिथं बघितलं तर रोजच्या रिजेक्शनची, म्हणजे खराब निघालेल्या मालाची, नोंद वहीत. कुठल्या हीटचा (भट्टीच्या खेपेचा) माल, कुठल्या पाळीत ओतला, वाळूत ओल किती होती, सगळं त्या वहीत होतं, पण ती कुणी उलटून बघत नव्हतं. मी त्यांना एक साधा प्रोग्रॅम करून दिला. आज बारा कारखाने तो वापरतात. जुन्या पगाराला अजून पोचलेलो नाही, पण आता कुणी पुण्याला बोलावेल ही धास्ती नाही.

म्हणून माझा सल्ला एवढाच. नवऱ्याच्या पगारावर बेत आखू नका. तुमचं काम आधी बघा, मग घर बघा.


लेथ_ते_व्हीएमसी
१२ ऑक्टोबर, सकाळी ११:४८

पॅटर्नमेकरची लेक म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. ताई, माझं वय ६३. १९७९ साली उद्यमनगरात लेथवर हेल्पर म्हणून लागलो, आता गोकुळ शिरगावात माझी छोटी मशिनशॉप आहे. पाच मशिनं, अकरा माणसं.

कोल्हापूर कारखानदारीचं राहिलं नाही, असं म्हणणाऱ्यांनी सकाळी साडेसातला शिरोलीच्या फाट्यावर उभं राहून बघावं.

मिल बंद पडली हे खरं. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली मिल, २००३ मध्ये बंद झाली. पण आपल्याकडची लोखंडाची कारखानदारी मिलमधून आलेली नाही, ती शेतातून आली. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस वाढला. उसाला पाणी पाहिजे, नदीचं पाणी वर चढवायला पंप पाहिजे, पंपाला इंजिन पाहिजे. गुऱ्हाळाचा चरक फिरवायलाही इंजिनच. इंजिन बिघडलं की शेतकरी बैलगाडीत घालून इथं आणायचा. दुरुस्ती करता करता मिस्त्री लोक सुटे भाग करायला लागले आणि सुटे भाग करता करता आख्खं इंजिन. शाळा न शिकलेली माणसं होती ती. परदेशी इंजिन उघडायचं, माप घ्यायचं, लाकडात पॅटर्न करायचा, वाळूत साचा धरायचा आणि ओतायचं. याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा घडवला होता, तीच हाताची परंपरा ही.

मी लागलो तेव्हा उद्यमनगरात गल्लोगल्ली ऑइल इंजिनं टेस्टिंगला लावलेली असायची. त्या ठोक्यावरनं आम्हाला कळायचं कुणाच्या शेडमधलं इंजिन चाललंय आणि त्याचं टायमिंग बरोबर हाय का न्हाई. मग खेड्यापाड्यांत वीज पोचली, विजेच्या मोटरा आल्या, इंजिनाला गिऱ्हाईक राहिलं नाही. लई जण बुडाले. माझे मालक बुडाले, त्यांचा लेथ मीच विकत घेतला. पण सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओतायला बसलेले हात होते ना, त्या हातांना मोटारगाड्यांची आणि ट्रॅक्टरची कामं मिळाली. उद्यमनगरात जागा पुरेना तशी शिरोली वाढली, गोकुळ शिरगाव वाढलं, पुढं कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत झाली. तुम्हाला उद्यमनगरात दुकानगाळे दिसतात ते त्यामुळं. भट्ट्या बाहेर गेल्या, पण छोटी जॉबवर्कवाली माणसं अजून तिथंच आहेत.

आता तुमच्या कामाचं. भोसरीत तुम्ही स्क्रीनवर डिझाइन करता, तो तुकडा कुठं ओतला जातो ते तुम्हाला बघायला मिळत नसेल. इथं सकाळी ड्रॉइंग घेऊन बाहेर पडलात तर पॅटर्नवाला, कोअरबॉक्सवाला (आतली पोकळी राखणारा वाळूचा कोअर ज्यात करतात ती पेटी बनवणारा), फाउंड्री, मशिनिंग, हीट ट्रीटमेंट अशी सगळी माणसं एका दिवसात मोटारसायकलवर गाठता येतात. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या तुकड्यात, पोकळी आली तर तुम्ही स्वतः भट्टीजवळ उभं राहून रायझरची (आकसताना जादा धातू पुरवणाऱ्या साच्यातल्या कप्प्याची) जागा बदलायला सांगू शकता. डिझाइन करणाऱ्या माणसाला यापरतं शिक्षण नाही.

पगार खोटा सांगणार नाही. आमच्यासारख्यांची डिझाइनला पैसे द्यायची तयारी कमी असते. मशिनला ४० लाख देतील, पण ते चालवायची अक्कल ज्याच्याकडे हाय त्याला ४० हजार देताना हात आखडतो. मी स्वतः तसाच वागत आलो. तुमच्या अनुभवाला इथं ३५ ते ४५ धरा. पण एकाच जागी नोकरी धरायच्या ऐवजी तीन-चार लहान कारखान्यांची कामं मिळून घेतलीत तर जमेल. प्रत्येकाला अख्खा डिझायनर परवडत नाही, पाव डिझायनर मात्र सगळ्यांनाच पाहिजे.

अडचणीही आहेत. विजेचा दर आमच्या उरावर बसलाय. भट्टी इंडक्शनची, सगळा खर्च विजेचा. कागलच्या पुढं गेलं की कर्नाटक, तिकडचे दर ऐकून माणसं अस्वस्थ होतात. आणि पोरं येत नाहीत. आयटीआय झाला की चाकण गाठतात. आज आमच्याकडं मोल्डिंगला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं आहेत म्हणून भट्ट्या पेटतात.

बाबांची श्रिंकेजची पट्टी ठेवलीत का?


भोंगा_सातचा
१२ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

लेथकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मिल दोन ओळींत संपवलीत ते मला लागलं.

माझे वडील शाहू मिलमध्ये होते, कताई खात्यात. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघायचं नाही. मिलचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची, भोंगा झाला की आम्ही शाळेला पळायचो. मिल बंद झाली तेव्हा वडील ४७ वर्षांचे होते. उद्यमनगरात चार ठिकाणी गेले. सूत काढणाऱ्या हाताला लेथ येत नाही आणि त्या वयात कुणी शिकवत नाही. त्यांनी मग एका अपार्टमेंटला रात्रीची वॉचमनकी केली, बारा वर्षं. बहिणीचं शिक्षण बारावीला थांबलं. ती हुशार होती, माझ्यापेक्षा जास्त.

२०२२ मध्ये शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं कृतज्ञता पर्व झालं, तेव्हा मिल लोकांसाठी उघडली होती. मी वडिलांना घेऊन गेलो. प्रदर्शनाची गर्दी होती. ते कुठल्याही स्टॉलवर गेले नाहीत. सरळ आत गेले, खांब मोजले आणि एका जागी उभे राहिले. म्हणाले, माझी साइड इथं होती. साइड म्हणजे त्यांच्याकडे असलेली सुताच्या मशिनची बाजू. अर्धा तास तिथंच उभे होते.

शहर तगलं हे मान्य. इंजिन गेलं तर कास्टिंग आलं. पण प्रत्येक वेळी मधल्या मधे काही माणसं सुटून जातात, आणि पुढच्या धंद्याच्या गोष्टीत त्यांचं नाव येत नाही. आज जे घर पुणेकरांना स्वस्त वाटतं, ते विकत घ्यायची ऐपत अशा घरांतल्या पोरांची अजूनही नाही. सागवानी_पेटी, तुम्ही या, तुमचं गाव आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा.


लेथ_ते_व्हीएमसी
१२ ऑक्टोबर, दुपारी ४:०२

भोंगा_सातचा, तुमचं बरोबर आहे. मिलमधून आलेला एक माणूस माझ्या मालकाकडंही आला होता. आम्ही त्याला परत पाठवला. चुकलं ते.


वऱ्हाडी_पाहुणा
१२ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

पहिली पोस्ट दोनदा वाचली. ‘वाढलो’, ‘करतो’ असं लिहिलंय, मला वाटलं दादा आहेत, मग नवऱ्याचा उल्लेख आला. कुणी समजावून सांगेल का?


सागवानी_पेटी
१२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१०

ताईच आहे. आमच्याकडे बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. माझी आई, आजी, सगळ्या. पुण्यात पहिल्या वर्षी हॉस्टेलवर मुली हसल्या म्हणून मी बोलणं बदललं होतं. बाबा गेले तेव्हा आईजवळ पंधरा दिवस राहिलो, तेव्हा ते आपोआप परत आलं. आता बदलणार नाही.

काका, पट्टी आहे. बाबांची सागवानी पेटी मी पुण्याला आणली. त्यात पटाशा, गोलची, कॅलिपर आणि ती पट्टी. लहानपणी मी शाळेच्या पट्टीशेजारी ती धरली होती आणि बाबांना म्हटलं होतं, तुमची पट्टी चुकीची आहे. त्यांनी मला उद्यमनगरात नेलं, ओतलेलं गरम लोखंड दाखवलं आणि सांगितलं की हे थंड होताना आकसतं, फुटाला इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि दर वेळी हिशेब करायला नको म्हणून पट्टीच मोठी. मी मेकॅनिकलला गेलो ते त्या दिवसामुळं.

परतलो_२०२१, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता.


कुंभारगल्ली_शाहूपुरी
१२ ऑक्टोबर, रात्री ९:२५

घर बघताना एक गोष्ट सगळ्यात आधी विचारा: २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं?

दलाल सांगणार नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवेल. आमच्या गल्लीत २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. जयंती नाल्याच्या कडेनं, सुतारवाडा, दुधाळी, उत्तरेश्वरचा खालचा भाग, इकडे भाडं एखाद-दोन हजारांनी कमी दिसलं तर त्याचं कारण हेच. जुलै आला की आमच्याकडे सगळे एकमेकांना विचारतात, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले? सातही उघडले म्हटलं की आम्ही गाद्या माळ्यावर टाकायला लागतो.

आणि उंचावर राहिलात तरी सुटका नाही. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, दिवसच्या दिवस बंद. पुण्याकडून दूध-भाजी, पेट्रोल, काही येत नव्हतं. गावभर पाणी आणि प्यायला टँकर. तुमच्या नवऱ्याला नेमकं त्या आठवड्यात पुण्याला बोलावलं तर काय करायचं, ते आत्ताच ठरवा.

बाकी त्या दिवसांत आमच्या घरातल्या सहा माणसांना राजारामपुरीतल्या एका अनोळखी कुटुंबानं नऊ दिवस ठेवून घेतलं. आजही दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा जातो.


सातबारा_बघा
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

सध्या भाड्यानं राहा, विकत घ्यायची घाई करू नका. १९७२ साली महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. त्यामुळं उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडी इथल्या नव्या इमारती दिसायला शहर, कागदावर ग्रामपंचायत. तिथं फ्लॅट घेताना पाणी कुणाचं, ड्रेनेज कुठं जातं, रस्ता कुणाच्या नावावर, बांधकाम परवानगी कुणाची, हे चारही कागद हातात घेऊन बघा. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं नाव सांगून फ्लॅट विकतात, पण त्या इमारतीत बोअरचं पाणी असतं.

आणखी एक. ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालंय, सहा जिल्ह्यांचं काम. वकील मंडळी घरं शोधतायत. आमच्याच इमारतीत रिकामा झालेला फ्लॅट दोन हजारांनी वाढवून गेला. आजचा भाव धरून पाच वर्षांचा हिशेब मांडू नका.


चिंचवडकर_कायमचा
१३ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

मी मूळचा गडहिंग्लजचा, परत जाणार नाही. इथं नोकरी सुटली तर दुसऱ्या फाटकातून आत जाता येतं. तिकडे एका कारखान्यात बिनसलं की पुढच्या चार मालकांना आधीच कळलेलं असतं. मुलगी बारावीनंतर पुण्यालाच येईल, मग तुम्ही बारा वर्षांसाठी जाऊन काय मिळवणार?


सागवानी_पेटी
१३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

ती बारा वर्षंच, चिंचवडकर. नंतर ती जाणारच आहे.


गेज_आणि_गॉगल
१३ ऑक्टोबर, रात्री ११:५५

सेकंड शिफ्ट संपवून आले, आत्ता वाचतेय. ताई, बाकी सगळ्यांनी लिहिलं, बाईमाणसानं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

मी एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे, सहा वर्षं. डिप्लोमा झालाय. पगार २४ हजार. लागले तेव्हा अख्ख्या मशिनशॉपमध्ये मी एकटी. बायकांचं टॉयलेट ऑफिसच्या इमारतीत, शॉपपासून पाच मिनिटं चालत. मी पाणी कमी प्यायला लागले आणि दोन वर्षांत किडनीचा त्रास सुरू झाला. आता आम्ही सात जणी आहोत, मागणी केली तेव्हा शॉपजवळ सोय झाली. तुम्ही मुलाखतीला जाल तेव्हा डिझाइनचं विचारतीलच, पण तुम्ही टॉयलेट कुठं आहे ते विचारा. त्यावरून कारखाना कळतो.

मुलाखतीत मला एका ठिकाणी विचारलं होतं, लग्न झालंय, मूल आहे, मग टिकणार किती दिवस? तुम्हालाही विचारतील. मी उत्तर न देता उठून आले होते. तुमच्याकडे पर्याय आहे, तुम्हीही तसंच करा.

आता जे लिहायला बसले ते. वरती सगळे ‘स्वस्त’ म्हणतायत. माझी आई अजून कोअर शॉपमध्ये जाते. वाळूचे कोअर करायचे, फायलीनं घासायचे, वरून रंग द्यायचा. तिला दिवसाला ३८० रुपये मिळतात. संध्याकाळी नाकातून काळं येतं. तुम्ही महिन्याला जे पंधरा-सोळा हजार भाड्यात वाचवणार, ते तिला दीड महिन्यात मिळत नाहीत. गाव स्वस्त आहे कारण माझ्या आईचा रोज स्वस्त आहे. तुम्ही वाईट वाटून घ्यावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही ज्या कारखान्यात जाल तिथं डिझायनर म्हणून तुमचं ऐकतील, माझ्या आईचं ऐकत नाहीत. कोअर शॉपला धूळ ओढणारा पंखा बसवायला सांगा. मास्क चांगला द्यायला सांगा. डिझाइनच्या माणसानं सांगितलं तर मालक एखाद वेळी ऐकतो.


परतलो_२०२१
१४ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

गेज_आणि_गॉगल, मी जवळजवळ तीन वर्षं फाउंड्रीत जातोय. रिजेक्शन, वाळू, हीट, सगळ्याची नोंद घेणारा प्रोग्रॅम केला. कोअर शॉपमध्ये हवेत धूळ किती, त्याचा रकाना ठेवायचं मला सुचलं नाही. या महिन्यात करतो. मोजायचं यंत्र कुठून घ्यायचं ते इथल्या जाणकारांनी सांगावं.


लेथ_ते_व्हीएमसी
१४ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

शिरोलीत माझ्या ओळखीच्या एका फाउंड्रीनं गेल्या साली धूळ ओढायची यंत्रणा बसवलीय. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथं, बसवली, कोअरला नाही. जाऊन विचारतो. सागवानी_पेटी, दिवाळीला येणार असाल तर दोन दिवस काढा. मी फिरवतो.


सागवानी_पेटी
९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:४५

उशीर झाला लिहायला. दिवाळीत आलो होतो, आठवडाभर राहिलो.

काकांनी दोन दिवस सगळीकडे नेलं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, एक दिवस पंचतारांकित. सहा कारखाने बघितले. प्रत्येक ठिकाणी टॉयलेट कुठं आहे ते विचारलं. दोन ठिकाणी लोकांना प्रश्नच कळला नाही, एका ठिकाणी मालकीणबाईंनी स्वतः नेऊन दाखवलं.

एका जागी मी पुण्यात ज्या पंप केसिंगवर सात महिने काम केलं होतं, तसंच केसिंग फेटलिंगला आलेलं दिसलं. पुण्यात आम्ही त्याच्या एका कोपऱ्याचा फिलेट, म्हणजे गोलाई, तीनदा बदलला होता आणि तरी तिथं तडा का जातो ते कळलं नव्हतं. इथल्या मोल्डरनं, ओडिशाच्या पोरानं, बोट ठेवून सांगितलं की धातू दोन बाजूंनी येऊन इथं भेटतो आणि भेटेपर्यंत गार झालेला असतो. मी तिथंच खाली बसून स्केच काढलं.

ठरलं ते असं. तीन कारखान्यांनी मिळून काम द्यायचं कबूल केलंय, प्रत्येकी आठवड्याचे दोन दिवस, सगळे मिळून ४२ हजार. भोसरीच्या निम्म्याहून कमी आहे. आम्ही दोघांनी घरखर्च या ४२ हजारांवर मांडून बघितला, नवऱ्याचा पगार बाजूला ठेवून. आईचं औषधपाणी धरून ओढाताण होते, पण बसतो. त्याचा पगार येईल तोवर साठवायचा. उद्या त्याला बोलावलं तर आम्हाला घर हलवावं लागू नये, एवढीच तजवीज.

तिघांपैकी एकाकडे कोअर शॉप आहे. बायका तोंडाला साडीचा पदर बांधून काम करत होत्या. मी पंख्याचं बोललो. मालक म्हणाले, डिझाइन आणि खर्च काढून द्या, बघू. हो म्हणालेले नाहीत. डक्टचं (धूळ ओढून नेणाऱ्या नळाचं) ड्रॉइंग मी कालपासून सुरू केलंय. गेज_आणि_गॉगल, तुमच्या आईंना विचारून सांगा, कोअर घासताना त्या बसतात की उभ्या असतात आणि टेबल किती उंच असतं. हुडची उंची त्यावर ठरेल.

घर टाकाळ्याला मिळालं, १३ हजार ५००. किराणा दुकानदारानं शपथेवर सांगितलं की २०१९ ला इथं पाणी नव्हतं. मुलीची शाळा चालत बारा मिनिटं.

उद्यमनगरात बाबांच्या जुन्या शेडच्या जागी टायरचं दुकान आहे. पण शेजारच्या पॅटर्नवाल्यांनी रॅकवरून एक पॅटर्न काढून दाखवला, बेअरिंग हाउसिंगचा, पाठीमागं पेन्सिलीनं बाबांचं अक्षर. तो अजून वापरात आहे, वर्षातून दोनदा त्यावर साचे धरतात. मी विकत मागितला. ते म्हणाले, देऊ शकत नाही, ऑर्डर चालू आहे.

सामान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हलवायचंय. एक विचारायचं राहिलं. नवऱ्याला महिन्यातून दोनदा पुण्याला जायला रेल्वे बरी की बस?


परतलो_२०२१
९ नोव्हेंबर, रात्री ८:२०

महालक्ष्मी एक्सप्रेस पुण्याला अपरात्री पोचते, झोप मोडते. हायवेचं काम चालू आहे, त्यामुळं पहाटेच्या बसचा भरवसा नाही. आदल्या दिवशी सकाळच्या कोयना एक्सप्रेसनं जाऊन मुक्काम करू दे. पावसाळ्यात तर एक दिवस आधीच.


गेज_आणि_गॉगल
१० नोव्हेंबर, रात्री १२:१०

आई बसून करते. खाली पोत्यावर. टेबल नाहीच आहे.